चार बोटांचा प्ले : बाबांच्या हाय बोनेट जीपचं स्टेअरिंग आणि क्लच

लहानपणी मला वाटायचं की गाडी चालवायची म्हणजे स्टेअरिंग सारखं डावीकडे-उजवीकडे हलवत राहायचं. बाबा तसंच चालवायचे. रस्ता अगदी सरळ असला तरी त्यांचे हात थांबायचे नाहीत, थोडं इकडे थोडं तिकडे, तोंडाने गप्पा चालू. पुढे शाळेतल्या एका मैत्रिणीच्या वडिलांच्या फियाटमध्ये बसले आणि बघितलं की त्यांचे हात नुसते स्टेअरिंगवर ठेवलेले आहेत, तर मला वाटलं यांना अजून नीट चालवता येत नाही!

तर ती जीप. महिंद्राची सीजे-३बी, १९७१ ची, पेट्रोल, ज्याला आपल्याकडे सगळे हाय बोनेट म्हणतात. महिंद्रांनी १९४७ साली विलीजच्या ७५ जीपचे सुटे भाग मागवून मुंबईत जोडणी सुरू केली ती सगळी कथा माहीतच असेल, हे मॉडेल त्याच घराण्यातलं. बोनेट उंच का, तर हरिकेन इंजिन उंचीला जास्त आहे, जुन्या बोनेटखाली मावत नव्हतं म्हणून बोनेटच वर उचललं. ती उंच बोनेटवाली गाडी आमच्या कोल्हापूरजवळच्या कळंब्याच्या घरामागे पत्र्याच्या शेडमध्ये दोन पावसाळे उभी होती. बाबा गेले २०२२ च्या उन्हाळ्यात. त्यानंतर आठवड्यातून एकदा भाऊ येऊन स्टार्ट करायचा, दहा मिनिटं घुरघुरवायचा, बंद करायचा. मार्च २०२३ मध्ये आरसीची मुदत संपली तेव्हा भाऊ म्हणाला देऊन टाकू, आई काहीच बोलली नाही, आणि मी बोलून बसले की मी करते. मी हायस्कूलला शिकवते, पान्याचे नंबर मला माहीत नव्हते, हे आधीच सांगून ठेवते.

आधी कागद, कारण कागद नसतील तर बाकीच्यावर एक रुपया घालू नका. गाडी बाबांच्या नावावर, म्हणजे आधी वारसाच्या नावावर करणं आलं, त्याला फॉर्म ३१. मृत्यूचा दाखला, आई आणि भावाचं ना-हरकत अ‍ॅफिडेव्हिट, मूळ आरसी बुक. आमचं आरसी बुक म्हणजे हाताने लिहिलेलं, कडा झिजलेलं, मध्ये चिकटपट्टी. ऑनलाइन गाडीचा नंबर टाकला की काहीच यायचं नाही, कारण जुनी तीन अक्षरी सिरीज, सरकारच्या 'वाहन' पोर्टलवर नोंदच नाही. त्याला म्हणतात बॅकलॉग एंट्री, ती आरटीओत जाऊन करून घ्यावी लागते, आणि ती होईपर्यंत तुम्ही फी पण भरू शकत नाही. माझे यात जूनपासून सप्टेंबर गेले, चार फेऱ्या झाल्या. एक काम मात्र पहिल्याच दिवशी करा, इंजिन नंबर आणि चेसिस नंबर प्रत्यक्ष गाडीवर बघून बुकाशी ताडून घ्या. या जीपांमधलं पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवायची एकेकाळी लाट होती आणि बुकात मात्र पेट्रोलच राहून गेलं, असं असेल तर तुमची गोष्ट माझ्यापेक्षा बरीच लांब आहे. आमचा नंबर ब्लॉकच्या पुढच्या अंगाला वॉटर पंपाच्या वर होता, वायर ब्रशने घासून रॉकेलचा बोळा फिरवल्यावर दिसला. दिसला तेव्हा मला परीक्षेत पास झाल्यासारखं वाटलं.

नाव लागल्यावर नूतनीकरण, फॉर्म २५. खाजगी चारचाकीची फी तेव्हा ५,००० (एप्रिल २०२२ पासून वाढली, आधी ६०० होती), उशिराचे महिन्याला ५००, म्हणजे सात महिन्यांचे ३,५००, पर्यावरण कर वेगळा. इन्शुरन्स थर्ड पार्टीच काढला, १५०० सीसीच्या वरची गाडी म्हणून ७,८९७ अधिक जीएसटी, नऊ हजारांच्या पुढे गेला. मध्ये एकाने सल्ला दिला की गाडी पन्नास वर्षांच्या वर आहे तर व्हिंटेजमध्ये घाला. २०२१ पासून तसा नियम आहे खरा, वेगळी नंबरप्लेट मिळते, पण त्याची नोंदणी फी २०,००० आणि मुख्य म्हणजे मग रोजच्या वापराला रस्त्यावर काढता येत नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यालाच. आम्हाला आजऱ्याच्या शेतावर भाताची पोती आणायची होती. सोडून दिला तो विचार.

११ ऑक्टोबरला गाडी तपासणीला नेली. साहेबांनी लाइट, हॉर्न, वायपर बघितला, मग गाडी बंद ठेवून स्टेअरिंग हातात घेतलं आणि हलवलं. मी खाली चाकाकडे बघत होते. स्टेअरिंग फिरतंय, चाक आपलं ढिम्म. त्यांनी स्टेअरिंगच्या कडेवर बोटं ठेवून मोजलं, चार बोटं. चार बोटं फिरल्यावर मग चाकाला कळतं की आपल्याला बोलावलंय. या ढिलेपणालाच प्ले म्हणतात. नंतर आवाराच्या फाटकापाशी थोडा चढ आहे तिथे इंजिन ओरडायला लागलं आणि गाडी मात्र जागेवरच. ते काही रागावले वगैरे नाहीत, म्हणाले, "मॅडम, स्टेअरिंग आणि क्लच करून आणा, बाकी गाडी छान ठेवलीय." मला वाटलं आठ-पंधरा दिवसांचं काम. फेब्रुवारी उजाडला.

खंडेनवमीला जीपची पूजा केली, झेंडूची माळ घातली आणि दसऱ्यानंतर जवळच्याच एका गॅरेजला नेली. तिथे दहा मिनिटांत निकाल लागला, स्टेअरिंग बॉक्स (स्टेअरिंगच्या दांड्याच्या तळाची गिअरची पेटी) गेलाय, नवीन टाका, अकरा हजार. माझा चेहरा बघून म्हणाले तात्पुरतं टाइट करून देतो. बॉक्सच्या बाजूच्या झाकणावर एक स्क्रू असतो त्याला लॉकनट असतो, तो स्क्रू आवळला, क्लचची केबल ओढून घेतली, १,८०० रुपये घेतले. घरी येताना कळलं की आगीतून फुफाट्यात. सरळ चालताना प्ले थोडा कमी झाला होता पण चौकात वळवल्यावर स्टेअरिंग तिथेच अडकून बसायचं, परत आपणहून येईनाच, दोन्ही हातांनी ओढून आणावं लागायचं. समोरून केएमटीची बस. तो दिवस मी विसरणार नाही. आणि क्लच आधी चढावर घसरायचा तो आता सपाटीला पण घसरायला लागला. असं का झालं ते मला दोन महिन्यांनी समजलं, सांगते पुढे.

दिवाळीच्या सुट्टीत उद्यमनगरात चौकशी करत फिरले. कोल्हापूरकरांना सांगायला नको, तिथे लेथवर काय वाट्टेल ते बनवून मिळतं, पण काय बनवायचं ते सांगणारा माणूस पाहिजे. एका लेथवाल्यानेच एका जुन्या मिस्त्रींचं नाव सांगितलं, सत्तरीचे, स्वतःचं गॅरेज मुलाकडे दिलेलं, मुलगा नव्या गाड्या करतो आणि हे घरी कंटाळलेले. मी त्यांना मामाच म्हणायला लागले. भाऊबीज झाली आणि पुढच्या रविवारी, १९ नोव्हेंबरला ते टीव्हीएसवरून आले, चहा घेतला, आणि एक पण पाना न काढता मला म्हणाले, "ताई, तुम्ही खाली झोपा. भाऊ वर बसू दे."

ही सगळ्यात कामाची गोष्ट आहे म्हणून जरा सविस्तर लिहिते. गाडी चारही चाकांवर जमिनीवर उभी, इंजिन बंद. भाऊ सीटवर बसून स्टेअरिंग थोडं थोडं डावी-उजवी हलवतोय, जोर न लावता, फक्त प्लेपुरतं. मी पोतं अंथरून गाडीखाली. मामांनी सांगितलं प्रत्येक सांध्यावर हात ठेवायचा, असा ठेवायचा की बोटं सांध्याच्या दोन्ही बाजूंना पडतील, डोळ्यांनी बघायचं नाही. या जीपमध्ये बॉक्समधून खाली ड्रॉप आर्म नावाचा दांडा येतो, त्याला ड्रॅग लिंक नावाची सळई, ती पुढे येऊन चेसिसच्या पुढच्या आडव्या मेंबरवर, म्हणजे तुळईवर, बेलक्रँक नावाचा एक कोनाचा तुकडा असतो त्याला मिळते, आणि बेलक्रँकपासून दोन टाय रॉड दोन चाकांना जातात. म्हणजे स्टेअरिंग आणि चाकाच्या मध्ये मोजले तर बरेच सांधे. ड्रॉप आर्मवर हात ठेवला तर तो स्टेअरिंगबरोबर जवळजवळ लगेच हलत होता. मग ड्रॅग लिंकचा पुढचा सांधा, तिथे बोटांना कट्‌ असं जाणवलं. आणि बेलक्रँकवर तळहात ठेवला तेव्हा मी दचकलेच, तो फिरायच्या आधी आख्खा वर उचलला जात होता आणि मग फिरत होता, खिळखिळ्या दातासारखा. तळहाताला तो हेलकावा अजून आठवतो.

"बॉक्स न्हाई गेला ताई. बॉक्सला उगाच बदनाम केलाय," मामा म्हणाले. "चार बोटातलं एक बोट त्याचं हाय. बाकी तीन ह्या सगळ्यांनी वाटून खाल्ल्यात."

मग पुढचा भाग जॅकवर घेतला (जॅकवर विसंबून खाली जायचं नाही, एक्सलखाली लाकडी ठोकळे, हे मामांनी दहा वेळा सांगितलं). चाक वर आणि खाली धरून हलवायचं. आमचं दोन्हीकडचं हलत होतं. आता हा प्ले व्हील बेअरिंगचा की किंगपिनचा (ज्या उभ्या खिळीवर चाक डावी-उजवीकडे वळतं तिचा) ते ओळखायची युक्ती अशी की दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगायचं आणि परत हलवायचं. ब्रेक दाबल्यावर ड्रम मागच्या प्लेटला धरला जातो, त्यामुळे प्ले नाहीसा झाला तर व्हील बेअरिंग, आणि तसाच राहिला तर किंगपिन. डावीकडे नाहीसा झाला, म्हणजे बेअरिंग आवळून भागलं, उजवीकडे तसाच राहिला. या एका युक्तीने माझे नको त्या सामानाचे दोन-अडीच हजार वाचले असतील. शेवटी तिथल्या किंगपिनच्या बेअरिंग दोन्हीकडच्या बदलल्याच, कारण उघडल्यावर डावीकडचा पण कप बघितला तर आतल्या पृष्ठभागावर ओळीने बारीक खड्डे पडलेले, नखाला लागत होते. आणि आतलं ग्रीस! दोन पावसाळ्यांचं पाणी मागच्या सीलमधून आत गेलेलं, ग्रीसचा दुधाळ चहा झालेला.

नोव्हेंबर अखेर ते डिसेंबर सगळा स्टेअरिंगमध्ये गेला, कारण फक्त रविवार, आणि त्यातला एक रविवार निवडणुकीच्या ट्रेनिंगला. सामानासाठी पुण्याला नाना पेठेत जाऊन आले, एका दिवसात परत. तिथे जाताना जुना पार्ट पिशवीत घेऊन जा, नुसतं नाव सांगून काही उपयोग नाही, कारण "जीपचा टाय रॉड एंड" म्हटल्यावर तिघांनी तीन वेगळे काढून ठेवले. चार टाय रॉड एंड ६५० प्रमाणे २,६००, ड्रॅग लिंकचं किट ४८०, किंगपिनच्या चार बेअरिंग कपासकट २,२००, नकलची (किंगपिनवर वळणाऱ्या, चाक धरणाऱ्या भागाची) सीलं ६००.

बेलक्रँकची पिन मात्र नाना पेठेत मिळाली ती मामांनी हातात घेतली, फिरवली आणि परत कागदात गुंडाळली. मूळ रचनेत पिनवर बारीक निडल बेअरिंग असतात, पाणी गेलं की त्या सुया पिनला चरे पाडतात. आमच्या पिनवर एका बाजूला चक्क खोबण पडली होती. मामांनी उद्यमनगरात ईएन-२४ नावाच्या कणखर पोलादाची नवी पिन काढून घेतली, ग्राइंडिंग करून, आणि निडल बेअरिंगच्या जागी गनमेटलचे बुश, आत ग्रीस जायला घळ मारलेली. सगळे मिळून १,४००. नाना पेठेतली पिन परत करायला गेले तर दुकानदाराने घेतली पण तोंड वाकडं करून. बुश बसवल्यावर मामांनी बेलक्रँक एका बोटाने ढकलून दाखवला, तो गेला आणि जिथे सोडला तिथेच थांबला. मी उगाचच पाच-सहा वेळा ढकलून बघितला.

किंगपिनला वर आणि खाली पातळ पत्र्याच्या शिम असतात, त्या कमी-जास्त करून बेअरिंगवर किती दाब राहील ते ठरवायचं. फार सैल तर प्ले, फार घट्ट तर स्टेअरिंग जड. माझा इथे गाढवपणा झाला. चारही ठिकाणच्या शिम मी एकाच ताटलीत रॉकेलमध्ये धुवायला टाकल्या. मामा काही बोलले नाहीत, नुसतं ताटलीकडे बघितलं आणि तंबाखू मळायला घेतली. त्या दिवशी एक पण नट फिरला नाही, शिम मोजणं आणि जुळवणं यातच संध्याकाळ. त्यामुळे तुम्ही कृपा करून प्रत्येक जागेला वेगळी डबी करा, वर मार्करने लिहा, आणि उघडायच्या आधी मोबाइलवर फोटो काढा, उघडल्यावर नाही. दाब मोजायला मामांनी भंगारवाल्याकडचा हुकाचा स्प्रिंग काटा आणला होता, तो नकलच्या आर्मला अडकवून हळू ओढायचा आणि नकल हलायला लागताना काटा कुठे आहे ते बघायचं. दोन्हीकडे सारखा आला पाहिजे.

शेवटी बॉक्स. तो उघडल्यावर दोन गोष्टी कळल्या. एक म्हणजे आत ऑइल नव्हतंच, कुणीतरी कधीतरी ग्रीस ठासून भरलेलं होतं, कारण ऑइल गळतं. ग्रीस एकदा बाजूला सरकलं की परत जागेवर येत नाही, आणि मग आतलं सगळं कोरडंच घासतं. दुसरी म्हणजे त्या स्क्रूचं रहस्य. या बॉक्समध्ये एक गुळगुळीत मळसूत्रासारखा वर्म असतो आणि त्याच्या खाचेत दोन खुंट्या असलेला लिव्हर शाफ्ट फिरतो. गाडी जन्मभर जास्तीत जास्त सरळच चालते, त्यामुळे झीज होते ती मधल्याच भागात. आमच्या खुंट्या मध्ये चपट्या झालेल्या. आता मधला प्ले काढायला स्क्रू आवळला की कडेला, जिथे झीज नाही, तिथे खुंट्या घट्ट बसतात. म्हणून चौकात अडकत होतं! मला हे कळलं तेव्हा इतका आनंद झाला की मी आईला किचनमधून बाहेर बोलावून तो शाफ्ट दाखवला. आई म्हणाली, "हात धू आधी." नवा लिव्हर शाफ्ट २,८००, वर्मच्या गोळ्या-कप आणि सील ७००. वर्म ठीक होता. गिअर ऑइल १४० नंबरचं घातलं.

३१ डिसेंबरला संध्याकाळी अंगणात चाकांवर खडूने रेघा मारून, दोरी लावून टो-इन बघितला, चाकांच्या पुढचं अंतर मागच्यापेक्षा दीड-दोन मिलिमीटर कमी. आणि भावाने स्टेअरिंग हलवलं. एक बोट. पुरतं एक पण नाही.

जानेवारी क्लचचा. आधी खात्री करायची साधी पद्धत म्हणजे सपाट जागेवर हँडब्रेक लावून, चाकांना दगड लावून, तिसऱ्या गिअरमध्ये टाकून थोडं अ‍ॅक्सिलरेटर देत क्लच सोडायचा. इंजिन बंद पडलं पाहिजे. आमचं मजेत चालूच. पहिल्या गॅरेजवाल्याने केबल ओढल्यामुळे पेडलचा मोकळा प्रवासच संपला होता, म्हणजे रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं) कायम प्रेशर प्लेटच्या (क्लचची प्लेट दाबून धरणाऱ्या चकतीच्या) बोटांवर टेकलेलं, म्हणजे जणू मीच सतत पाय ठेवून बसलेय. तरी नुसती केबल सैल करून घसरणं पूर्ण थांबलं नाही, तेव्हा उतरवणं आलं.

गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) एकत्रच खाली येतात. आधी आतलं फ्लोअरचं झाकण, त्याचे बोल्ट गंजून एकजीव झालेले, सहा तुटले. दोन्ही प्रॉपेलर शाफ्ट, हँडब्रेक (तो या गाडीत ट्रान्सफर केसच्या मागच्या ड्रमवर असतो), स्पीडोमीटर केबल, गिअरचे दांडे. गिअरबॉक्स ज्या आडव्या मेंबरवर बसतो तोच काढायचा असतो, त्यामुळे इंजिनचा मागचा आधार जातो, सम्पखाली, म्हणजे इंजिनच्या तळच्या ऑइलच्या टाकीखाली, लाकडाचा ठोकळा ठेवून जॅक लावला. शेडच्या आडव्या पाइपला चेनकप्पी. १४ जानेवारीला गिअरबॉक्स खाली आला, दुसऱ्या दिवशी संक्रांत, माझ्या हातांची नखं काळी आणि शेजारच्या काकू वाण देताना हाताकडेच बघत होत्या.

क्लचची प्लेट अजून जाड होती! झिजलीच नव्हती, ऑइलने भिजली होती. मामांनी बेलहाउसिंगमधलं (क्लचभोवतीच्या कवचातलं) ऑइल बोटावर घेऊन वास घेतला आणि मला घ्यायला लावला. गिअर ऑइलला एक गंधकासारखा कुबट वास असतो, तो येत असेल तर गळती गिअरबॉक्सची. याला तसा वास नव्हता, पातळ आणि काळं, म्हणजे इंजिनचं, म्हणजे क्रँकचं (इंजिनच्या मुख्य फिरत्या शाफ्टचं) मागचं सील. नुसती नवी प्लेट टाकली असती तर सहा महिन्यांत परत तेच. सील दोन अर्ध्या तुकड्यांत येतं, सम्प आणि मागची बेअरिंग कॅप काढून इंजिन न उतरवता बदलता येतं, वरचा अर्धा तुकडा क्रँकभोवती सरकवत सरकवत घालावा लागतो आणि त्याला मामांचे दीड तास आणि बऱ्याच शिव्या लागल्या (माझ्यासमोर म्हणून हळू आवाजात).

आता पायलट बुश. क्रँकच्या टोकाला भोकात बसवलेला पितळी रंगाचा छोटा बुश, क्लच शाफ्टचं टोक त्यात फिरतं. मागून धरायला काही नाही, मग काढायचा कसा? मला वाटलं काहीतरी स्पेशल हत्यार लागेल. मामांनी आईकडून कालचा पेपर मागितला, फाडून पाण्यात भिजवून लगदा केला, तो बुशच्या भोकात ठासून भरला आणि भोकात बरोब्बर बसेल अशी एक जुनी शाफ्टची कांडी घालून वर हातोडा. परत लगदा, परत हातोडा. लगद्याला जायला जागा नसते, तो मागून बुशलाच बाहेर ढकलतो. चौथ्या-पाचव्या घावाला बुश हळूच बाहेर यायला लागला, त्याच्यामागे राशीभविष्याचा ओला गोळा. ग्रीसने पण होतं म्हणे पण ते अंगावर उडतं. नवा बुश रात्रभर ऑइलमध्ये बुडवून ठेवला होता.

प्लेटचं रिलाइनिंग ९००, प्रेशर प्लेटच्या स्प्रिंग बदलून बोटं एका उंचीत करून १,२००, रिलीज बेअरिंग ५५०, बुश १२०, फ्लायव्हीलला लेथवर फेसिंग ७००, सील आणि सम्पचं पॅकिंग ६५०. ऑइल-ग्रीस सगळं मिळून २,३००.

बसवताना २६ जानेवारीची जोडून सुट्टी धरली. प्लेट मध्यावर आणायला जुन्या गिअरबॉक्समधला क्लच शाफ्ट घातला होता. तरी बॉक्स शेवटच्या अर्ध्या इंचाला अडला. भाऊ म्हणाला बोल्ट लावून ओढून घेऊ. मामांनी त्याच्या हातातला पानाच काढून घेतला, कारण बोल्टने ओढलं तर प्लेटचा मधला भाग वाकतो आणि सगळी मेहनत वाया. गाडी गिअरमध्ये टाकून मागचा फ्लँज हळू फिरवायचा, म्हणजे शाफ्टचे दाते प्लेटच्या दात्यांत जातात. फिरवला, आणि टक्‌ करून बॉक्स आत गेला. टाळ्या. सगळे बोल्ट, मेंबर, शाफ्ट, केबल. संध्याकाळी सातला मी पेडल दाबलं आणि ते काहीच विरोध न करता खाली गेलं.

रिलीज फोर्क (रिलीज बेअरिंग ढकलणारा दांडा) त्याच्या आतल्या गोळ्यावरून निसटला होता. सगळं परत खाली. मी त्या रात्री जेवले नाही, खरंच रडू आलं, उगाच बाबांचा पण राग आला. मामा म्हणाले, "माझं बी असं तीनदा झालंय, येतो उद्या." दुसऱ्यांदा उतरवायला फक्त साडेतीन तास लागले, कारण बोल्ट सगळे ओळखीचे झाले होते. यावेळी बॉक्स चढवताना भावाने बाहेरून केबलला हलका ताण धरून ठेवला, म्हणजे फोर्क जागेवर राहतो. पेडलचा मोकळा प्रवास इंच-सव्वा इंच ठेवला.

सामान १७,२००, मामांची मजुरी १४,००० (ते बाराच मागत होते), आणि पहिल्या गॅरेजचे १,८००. ३३,००० झाले, पुण्याचं एसटी भाडं आणि चहा-पोहे सोडून.

तपासणीला परत गेले २१ फेब्रुवारीला. साहेब वेगळे होते. चेसिस नंबरचा पेन्सिलने छाप घेतला, स्टेअरिंग दोन बोटांनी हलवलं, लगेच दुसरीकडे गेले. मी मनात म्हटलं अहो जरा नीट हलवा की, किती रविवार गेलेत! पण नाही, झालं होतं. पाच वर्षांसाठी. कार्ड पोस्टाने आलं, त्यावर माझं नाव.

२५ तारखेला रविवार, जोतिबाचा वार. आईला पुढे बसवून निघाले. शिवाजी पूल ओलांडला की केर्लीकडे रस्ता बऱ्यापैकी सरळ आहे, उसाचे ट्रॅक्टर सोडले तर मोकळा होता. आणि गाडी झोकांड्या खायला लागली. डावीकडे, उजवीकडे, परत डावीकडे. माझ्या पोटात गोळा, म्हटलं काय सुटलं आता, किंगपिन की बेलक्रँकचा नट? गाडी कडेला घ्यायला इंडिकेटर दिला.

आई माझ्या हातांकडे बघत होती. म्हणाली, "अगं, हलवतेस कशाला एवढं? सरळ धर की."